कालचे विमान, आजचा वैमानिक

२०२५ च्या दिवाळीनंतर चार दिवस साखरशेतला जाऊन राहिलो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातले हे गाव. माझा एक जुना मित्र तिकडेच मास्तरकी करून निवृत्त झाला आणि तिथेच राहिला. भातकापणी उरकत आली होती, खळ्यांवर पेंढा रचलेला होता आणि गावातली बरीचशी तरणी माणसे ‘जगायला’ निघण्याच्या तयारीत होती. जगायला जाणे म्हणजे वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा नाशिककडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणे. या भागात हा शब्द इतका सरावाचा झाला आहे की तो ऐकून दचकतो तो फक्त पाहुणा.

अशाच एका दुपारी अंगणात बसलो असताना आभाळात प्रचंड आवाज झाला. मी मान वर करून आवाजाच्या दिशेने पाहू लागलो. तिथे काहीच नव्हते. शेजारचा आठवी-नववीतला मुलगा हसला आणि त्याने बोट भलतीकडेच दाखवले. विमान केव्हाच पुढे गेले होते. पलीकडे दोरी वळत बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर न करताच सांगून टाकले, ‘ओझरचं हाये.’

नाशिकजवळचे ओझर रस्त्याने दूर आहे. मोखाडा, मग घाट, मग त्र्यंबकेश्वर, मग नाशिक ओलांडायचे. आकाशातून मात्र ते शंभर किलोमीटरच्या आत. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या तिथल्या कारखान्यात लढाऊ विमाने तयार होतात आणि त्यांच्या चाचण्या होतात, हे या बाजूच्या माणसांना आवाजावरूनच माहीत आहे. मी भेट दिली त्याच्या काही दिवस आधी, १७ ऑक्टोबरला, संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत ओझरच्या धावपट्टीवरून पहिल्या ‘तेजस मार्क १ ए’ने उड्डाण केले होते. त्याच्याही आधी, २६ सप्टेंबरला, चंडीगडला ‘मिग-२१’ला निरोप देण्यात आला होता. ही मिगही मोठ्या संख्येने ओझरचीच लेकरे. एक विमान गेले आणि दुसरे आले, असे वरवर दिसते. पण या जाण्यायेण्याचा हिशेब मांडायला बसले की तो जुळत नाही, आणि न जुळण्याची ही सवय आजची नाही.

जव्हारला विमानाचे फारसे नवल वाटू नये, याला आणखी एक कारण आहे. जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे, म्हणजेच पाचवे पतंगशाह, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतः हवाई दलात दाखल झाले होते. फ्लाइट लेफ्टनंट हा त्यांचा हुद्दा. महादेव कोळी घराण्यातला, १९१७ साली जन्मलेला तरुण राजा, डोंगरातले लहानसे संस्थान सोडून गणवेश चढवतो, ही गोष्ट साधी नाही. आणि घराण्यात चालत आलेले नाव काय, तर पतंगशाह! १९४८ साली संस्थान विलीन झाले. राजे पुढे भिवंडी आणि डहाणू या मतदारसंघांतून लोकसभेवर गेले आणि १९७८ साली वारले. आज जव्हारमध्ये पतंगशाह हे नाव लोकांच्या तोंडी असते ते बहुधा सरकारी कुटीर रुग्णालयाच्या निमित्ताने.

रात्री मित्राकडे हा विषय निघाला तेव्हा त्याने मास्तरी प्रश्न टाकला: ‘राजे ज्या हवाई दलात गेले, त्या हवाई दलाकडे तेव्हा विमाने कोणती होती रे?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आपल्या पहिल्या स्क्वॉड्रनची कहाणी. ती सांगण्यासारखी आहे, कारण आजचे दुखणे तिच्यात पहिल्या दिवसापासून दिसते.

आधी स्क्वॉड्रन म्हणजे काय ते पाहू. लढाऊ विमानांची स्क्वॉड्रन म्हणजे साधारण सोळा विमाने, शिवाय प्रशिक्षणाची दोन; त्यांचे वैमानिक, विमानांची देखभाल करणारे तंत्रज्ञ, आणि या सगळ्यांवर एक विंग कमांडर. पण ही झाली मोजदाद. स्क्वॉड्रनला एक क्रमांक असतो, चिन्ह असते, आणि मुख्य म्हणजे आठवण असते. हिवाळ्यातल्या धुक्यात अमुक धावपट्टीवर कसे उतरावे, अमुक इंजिन कोणत्या वेळी रुसते, अशा कितीतरी गोष्टी छापील पुस्तकात नसतात. त्या जुन्या वैमानिकाकडून नव्याकडे, जुन्या मेकॅनिककडून नव्याकडे जातात. आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखे हे आहे. तंबोरा बदलला तर घराणे बुडत नाही. शिकवणारा आणि शिकणारा यांची गाठ पडली नाही तर मात्र बुडते.

भारतीय हवाई दल कायद्याने अस्तित्वात आले ८ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्याची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली १ एप्रिल १९३३ रोजी, कराचीच्या ड्रिघ रोड तळावर. विमाने किती? चार. जातीची ‘वापिटी’. विलायतेहून शिकून आलेले मूठभर हिंदी अधिकारी आणि ज्यांना ‘हवाई शिपाई’ म्हणत ते पंधरा-वीस जवान. त्या अधिकाऱ्यांत सुब्रतो मुखर्जी होते, जे १९३९ साली या स्क्वॉड्रनचे प्रमुख झाले आणि स्वातंत्र्यानंतर हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख. १९४१ साल उजाडेपर्यंत पहिली स्क्वॉड्रन आणि भारतीय हवाई दल या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच; दुसरी स्क्वॉड्रनच नव्हती.

या वापिटीचा जन्म कसा झाला ते ऐकण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे सुटे भाग ब्रिटिशांच्या गोदामात पडून होते. ते वापरता यावेत या हिशेबानेच तिचा आराखडा केला होता. म्हणजे आपल्या हवाई दलाच्या पहिल्या दिवसाचे विमान निम्मे आदल्या लढाईच्या शिलकीतले. इंग्रज वैमानिक तिच्या नावावर कोटी करून तिला ‘व्हॉट-अ-पिटी’ म्हणत. आपल्या मुलांनी वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत, मीरनशाहच्या तळावरून याच विमानांवर उड्डाणे केली, आणि १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हाही त्यांच्या हाती वापिटीच होती.

मग आली ‘लायसँडर’. या विमानाशी मुंबईचा थेट संबंध आहे. युद्धासाठी लोकांकडून देणग्या गोळा करण्याचे ते दिवस होते. बडोद्याच्या गायकवाडांच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला ‘बडोदा’ हे नाव मिळाले होते. निजामाच्या पैशावर ‘हैदराबाद’ नावाच्या स्क्वॉड्रन होत्या. मुंबई इलाख्यातल्या युद्धदेणगी निधीतून बारा लायसँडर विमानांचा खर्च उचलला गेला आणि १९४१ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी ती पेशावरला पहिल्या स्क्वॉड्रनच्या स्वाधीन केली. काही काळ तिला ‘मुंबई स्क्वॉड्रन’ म्हणत. गिरगावातल्या, दादरमधल्या कितीजणांनी त्या निधीत रुपया-आठ आणे टाकले असतील आणि आपले विमान ब्रह्मदेशावर उडते आहे या कल्पनेने कितीजण सुखावले असतील!

त्यांना एक गोष्ट ठाऊक नसावी. लायसँडर हे लढाऊ विमानच नव्हते. सैन्याच्या वर घिरट्या घालून टेहळणी करावी, निरोप पोचवावेत, आखूड पट्टीवर उतरावे, यासाठी ते बनवलेले. १९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्सच्या लढाईत शंभरावर लायसँडर गमावल्यावर इंग्रजांनी पुढच्या फळीतून ते काढून घेतले. तेथे जे चालले नाही, ते दीड वर्षाने येथे समारंभाने भेट दिले गेले, तेही आपल्याच पैशाने.

आणि या विमानांवर स्क्वॉड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांनी जे करून दाखवले ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. १ फेब्रुवारी १९४२ रोजी स्क्वॉड्रन ब्रह्मदेशात तौंगूला पोचली आणि लगेचच जपानी विमानांनी तळावर बॉम्ब टाकले. दुसऱ्याच दिवशी मजुमदार लायसँडरला २५० पौंडी दोन बॉम्ब लटकवून सयामच्या हद्दीतल्या जपानी तळावर चालून गेले आणि खूप खाली येऊन त्यांनी ते विमानांच्या शेडवर टाकले. पुढच्या दिवशी अख्खी स्क्वॉड्रन घेऊन गेले. टेहळणीच्या विमानाचे त्यांनी बॉम्बर केले. मजुमदारांना ‘डीएफसी’ मिळाले. १९४५ च्या फेब्रुवारीत लाहोरला एका हवाई प्रात्यक्षिकात ते गेले. त्यांच्यानंतर हीच स्क्वॉड्रन हरिकेन विमाने घेऊन इंफाळच्या वेढ्यात लढली. तेव्हाचे तिचे प्रमुख अर्जनसिंग. स्वतः माउंटबॅटननी त्यांच्या छातीवर डीएफसी लावले. हरिकेनसुद्धा त्या वेळी पहिल्या पसंतीचे विमान राहिले नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या पिढीला शाळेत या गोष्टी कौतुकाने सांगितल्या गेल्या आणि कौतुक रास्तच होते. पण आता वय झाल्यावर मला त्यातली दुसरी बाजू खुपते. जुन्या विमानावर आपला वैमानिक नव्याला भारी पडतो, ही गोष्ट आपण इतक्यांदा सांगितली की जुने विमान देणे हा दोष आहे, हेच विसरायला झाले. शूराच्या अंगावर फाटके चिलखत घालायचे आणि मग पोवाडा त्या चिलखताचा गायचा, असा हा प्रकार.

फाळणीत एक विचित्र गोष्ट घडली. पहिली स्क्वॉड्रन तेव्हा वायव्येकडे होती. तिची विमाने आणि साहित्य पाकिस्तानच्या वाट्याला गेले. माणसे इकडे आली, पण स्क्वॉड्रन नाही. भारतीय हवाई दलात एक क्रमांकच नाही, अशी स्थिती पाच-सहा वर्षे होती. मग १९५३ साली १५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला १ हा क्रमांक देण्यात आला. हवाई दलात अशी रीत आहे की स्क्वॉड्रन बंद झाली तरी तिचा क्रमांक मोडीत काढत नाहीत, राखून ठेवतात. पुढेमागे नवी विमाने आली की तो पुन्हा जिवंत होतो. अलीकडचे उदाहरण म्हणजे १७ क्रमांकाची ‘गोल्डन अॅरोज’. कारगिलमध्ये वीरमरण आलेले अजय आहुजा याच स्क्वॉड्रनचे. २०१६ मध्ये तिची मिग-२१ गेली आणि क्रमांक कपाटात गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये अंबाल्याला राफेलसाठी तो बाहेर काढला. तीन वर्षांचा खंड फार मोठा नव्हे. पण खंड दहा-पंधरा वर्षांचा झाला तर कपाटातून निघतो तो नुसता क्रमांक.

पहिल्या स्क्वॉड्रनकडे परत येतो, कारण १९६५ ची तिची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ७ सप्टेंबरच्या पहाटे आदमपूरहून तिची ‘मिस्टेअर’ विमाने पाकिस्तानच्या सरगोधा तळावर गेली. स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा देवय्या हे खरे तर राखीव होते. एक विमान गळल्यावर त्यांना जायला मिळाले. परतताना गाठ पडली अमेरिकन बनावटीच्या एफ-१०४ स्टारफायटरशी. स्टारफायटर म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाचे. मिस्टेअर सरळ उड्डाणात आवाजाचा वेगही न गाठणारे. देवय्यांचे विमान जखमी झाले, तरीही ते उलटून भिडले आणि त्यांनी तो स्टारफायटर पाडला. पाकिस्तानी वैमानिक हवाई छत्रीने वाचला, देवय्या परत आले नाहीत. इकडे कोणाला काहीच कळले नाही. ही झुंज उघड झाली ती एका इंग्रज लेखकाच्या पुस्तकातून, आणि देवय्यांना महावीरचक्र मिळाले १९८८ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी. विमान उशिरा, आणि मानही उशिरा.

या सगळ्याला एक लखलखीत अपवाद आहे आणि तो नाकारला तर अन्याय होईल. १९६३ साली चंडीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये मिग-२१ दाखल झाले, तेव्हा ते जगातल्या पहिल्या रांगेचे विमान होते. आपल्याला प्रथमच आजचे विमान आज मिळाले. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर याच मिगनी रॉकेटे डागली आणि दोन दिवसांत तिथली शरणागती झाली. हृषीकेश मुळगावकरांसारखा मराठी माणूस १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलाचा प्रमुख होता. काश्मीरच्या पहिल्या लढाईत महावीरचक्र मिळवलेल्या या माणसाच्या पिढीला मिग-२१ हा नव्या युगाचा पुरावा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

शिवाय हे विमान आपण इथेच बनवले. १९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, १९६३ साली नाशिकहून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले आणि १९६४ मध्ये ओझरला मिगचा कारखाना उभा राहू लागला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक सामान हैदराबादला, अशी वाटणी होती. हवाई दलाने पुढे साडेआठशेहून अधिक मिग-२१ वापरली आणि त्यांतली सहाशेहून अधिक भारतात तयार झाली. नाशिक परिसरातल्या किती घरांत या कारखान्याच्या पगारावर चूल पेटली आणि मुले इंजिनिअर झाली, ते वेगळेच पुस्तक होईल.

घोटाळा झाला तो पुढे. नवे विमान जुने झाले आणि आपण ते सोडलेच नाही. त्याची जागा घेण्यासाठी हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजे आजच्या तेजसचा, प्रकल्प मंजूर झाला १९८३ साली. पहिले उड्डाण झाले ४ जानेवारी २००१ रोजी. पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली जुलै २०१६ मध्ये. १९८३ साली शाळेत घातलेला मुलगा वैमानिक होऊन, स्क्वॉड्रनचा प्रमुख होऊन मोकळा होईल एवढा हा काळ.

त्या तेहतीस वर्षांत मिग-२१ उडत राहिली, आणि पडत राहिली. सहा दशकांत चारशेवर विमाने अपघातांत गेली आणि दीडशेहून अधिक वैमानिक मृत्युमुखी पडले. सगळा दोष यंत्राचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. १९८२ साली ला फाँतेन समितीने अपघातांचा अभ्यास करून सांगितले होते की साध्या प्रशिक्षण विमानावरून पोरांना एकदम मिगवर चढवू नका. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या. ते विमान, ‘हॉक’, बिदरला दाखल झाले २००८ च्या फेब्रुवारीत. सव्वीस वर्षांनी! एका शिफारशीला सव्वीस वर्षे. मधल्या काळात दरवर्षी वीस-बावीस वर्षांची मुले ती गाळलेली पायरी उडी मारून पार करत होती. ज्यांची उडी चुकली, त्यांच्या घरी गणवेशातले अधिकारी गेले.

पुण्याच्या वाचकांना फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ आठवत असतील. २००१ च्या सप्टेंबरात सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात त्यांचे मिग-२१ कोसळले. चूक वैमानिकाचीच, हा निष्कर्ष त्यांच्या आईवडिलांनी मान्य केला नाही. अनिल आणि कविता गाडगीळ यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, प्रश्न विचारले, मिगच्या अपघातांवर देशभर चर्चा घडवून आणली. आणि मग त्यांनी पुण्यातच वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी संस्था काढली. गेलेल्या मुलाच्या आईवडिलांनी मधल्या पायरीची सोय आपल्या परीने करायला घ्यावी, यापेक्षा त्या सव्वीस वर्षांवर कडक शेरा कोणता असणार?

आता चंडीगडच्या निरोपाकडे येऊ. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलप्रमुखांनी स्वतः मिग-२१ उडवले, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली, म्हाताऱ्या वैमानिकांचे डोळे भरून आले. दूरदर्शनवर पाहताना माझेही आले. समारंभ संपल्यावर मात्र आकडा उरला तो असा: हवाई दलाला लढाऊ स्क्वॉड्रन मंजूर आहेत ४२, त्या दिवशी उरल्या २९. एवढी कमी संख्या गेल्या कित्येक दशकांत नव्हती.

भरपाई कशी होणार? तेजस मार्क १ ए ची ८३ विमाने फेब्रुवारी २०२१ मध्ये मागवली. निरोप समारंभाच्या आदल्याच दिवशी आणखी ९७ विमानांचा, ६२ हजार ३७० कोटी रुपयांचा करार झाला. एकूण १८०. स्क्वॉड्रनला अठरा या हिशेबाने दहा स्क्वॉड्रन. बंगळूरच्या कारखान्याची क्षमता वर्षाला सोळा आणि ओझरच्या नव्या विभागाची आठ, म्हणजे चोवीस सांगितली जाते. सगळे सुरळीत चालले तरी साडेसात वर्षे.

पण सगळे सुरळीत चालत नाही. पहिल्या करारातले पहिले विमान २०२४ च्या मार्चपर्यंत मिळायचे होते. २०२५ साल संपले तरी एकही हवाई दलाच्या ताब्यात आले नव्हते. अमेरिकेहून येणारी इंजिने रखडली, चाचण्या लांबल्या. मे २०२५ मध्ये उद्योजकांच्या सभेत हवाई दलप्रमुखांनीच जाहीरपणे सांगितले की वेळेवर पूर्ण झालेला एकही प्रकल्प आपल्याला आठवत नाही. गणवेशातला माणूस चारचौघांत असे बोलतो तेव्हा घरात केव्हापासून बोलून झालेले असते. नोव्हेंबरात दुबईच्या प्रदर्शनात तेजसचा अपघात होऊन वैमानिक गेला, तो घाव निराळाच.

दुसरी बाजू अशी की या दहा स्क्वॉड्रन येतील तोवर जुन्या तिथेच थांबणार नाहीत. जग्वार १९७९ पासूनची, त्यांच्या सहा स्क्वॉड्रन. मिराज १९८५ पासूनची, तीन. मिग-२९ १९८७ पासूनची, तीन. एकूण बारा. पुढच्या दहा-बारा वर्षांत या बाराही निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. मिराज उडवणाऱ्या तीन स्क्वॉड्रनमध्ये ग्वाल्हेरची पहिली स्क्वॉड्रनही आहे, वापिटीपासून सुरू झालेली तीच. येणार दहा, जाणार बारा. परदेशी विमानांच्या खरेदीचे बेत आहेत, ते धरले तरी ४२ चा आकडा नजरेच्या टप्प्यात येत नाही.

काहीजण म्हणतात की आता ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचे दिवस आहेत, वैमानिकांच्या स्क्वॉड्रन मोजत बसण्यात अर्थ नाही. यात तथ्य आहे आणि ४२ हा आकडा काही वेदवाक्य नव्हे. कमी पण चांगल्या स्क्वॉड्रन ठेवायच्या असे ठरवून केले, तर मी पहिला टाळी वाजवीन. पण २९ हा आकडा कोणी ठरवून आणलेला नाही. तो तारखा चुकत गेल्या म्हणून आला आहे.

साखरशेतच्या अंगणात बसून हजारो कोटींच्या गोष्टी बोलताना जीभ अडखळते, हेही कबूल करतो. याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये महाराष्ट्राची मान खाली गेली होती. तो पट्टा अजूनही पोषणाच्या याद्यांतून पुरता बाहेर आलेला नाही. मित्र म्हणाला, ‘इथल्या माणसाला विमान दाखवून काय उपयोग?’ मी त्याला एवढेच म्हणालो की विमान हवे की अंगणवाडी, असा सरळ सौदा दिल्लीत कोणी करत नाही. पण विमान दहा वर्षे उशिरा आले की त्याची किंमत दुप्पट होते आणि जुन्याच्या डागडुजीवर वेगळे पैसे जातात. ते पैसे कुठल्या तरी अंगणवाडीचेच असतात. त्याला पटले की नाही, कळले नाही. तो चहा टाकायला उठला.

ओझरचे लोक या हिशेबात कुठे बसतात? मिग संपल्यावर तिथे सुखोई-३० बनू लागली. तेही काम आटोपत आले तेव्हा पुढे काय, असा प्रश्न कामगारांपुढे होता. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी बारा सुखोईंचा करार झाला, मग तेजसचा विभाग आला आणि त्याबरोबर प्रशिक्षण विमानांचाही. स्क्वॉड्रनबद्दल मी जे म्हटले तेच कारखान्यालाही लागू आहे. पत्र्याला रिव्हेट मारणाऱ्या हाताने पुढच्या हाताला शिकवायचे असते. काम तुटले की तो हात निवृत्त होतो, आणि मग नवा विभाग उघडून, नारळ फोडूनही वर्ष-दोन वर्षे विमान हलत नाही. मागण्या सलग दिल्या असत्या, तर ओझरला आज एवढी धावाधाव करावी लागली नसती.

निघायच्या दिवशी तो शेजारचा मुलगा एस.टी.च्या थांब्यापर्यंत माझी पिशवी घेऊन आला. वाटेत त्याने विचारले, ‘त्यात बसायला काय शिकाया लागतं?’ मी त्याला खडकवासल्याच्या प्रबोधिनीची परीक्षा सांगितली, संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व संस्था सांगितली. त्याला बहीण आहे कळल्यावर मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला तशीच संस्था सुरू झाल्याचेही सांगितले. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवेच, यावर मी जोर दिला. त्याने मान डोलावली. गाडी आली, मी चढलो. त्याच्या शाळेत गणित शिकवायला सध्या कोण आहे, हे विचारायचे मात्र राहून गेले.